पाच अननस आणि कडू झालेलं रायतं (शिरा सोडून अननसाचं काय करता?)

नादखुळी
मंडळी, परवा दादा-वहिनी गोव्याहून येताना बांद्याच्या अलीकडे रस्त्यावरून पाच अननस घेऊन आले. पाच! आमच्या घरात माणसं चार, त्यातला एक नऊ वर्षांचा, जो फळ म्हणून फक्त आंब्याला ओळख देतो. पहिला अननस मीठ-तिखट लावून संपवला. दुसऱ्याचं रविवारी रायतं केलं. पाहुणे दुपारी येणार होते, म्हणून सकाळी आठालाच दह्यात फोडी, साखर, मीठ, भरडलेलं जिरं घालून फ्रीजमध्ये ठेवून दिलं. वाढलं आणि सगळ्यांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. कडूजहर!

दही नासलेलं नव्हतं, कारण त्याच भांड्यातल्या दह्याची कढी झकास झाली. अननस गोड होता, कापताना मीच चार फोडी मटकावल्या होत्या. साबा (सासूबाई) म्हणाल्या, "अननसाला दही सोसत नाही." का सोसत नाही म्हटलं तर म्हणे, "नाही सोसत, एवढंच."

तर प्रश्न दोन. हे का झालं? आणि उरलेल्या तिघांचं रोजच्या जेवणात काय करू? शिरा सांगू नका. आमच्याकडे सत्यनारायण, वाढदिवस, दहावीचा निकाल, सगळ्याला शिराच असतो.

आगाऊ_कार्टं
मी पयला!
उरलेले तीन मला कुरियर करा. प्रश्न मिटला.

परीक्षानळी
नादखुळी, साबांचं बरोबर आहे, फक्त कारण मी सांगते. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाची विकरं (एन्झाइम्स) असतात, त्यांचं काम प्रथिनं तोडणं. दह्यातल्या प्रथिनांचे ती बारीक तुकडे करतात आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू लागतात. तुम्ही सकाळी आठला कालवलंत आणि दुपारी वाढलंत, म्हणजे त्यांना चांगले चार-पाच तास मोकळं रान मिळालं. ऐनवेळी कालवून लगेच वाढलं असतंत तर कुणाला पत्ताही लागला नसता.

उपाय सोपा आहे. फोडी थोड्या साखरेत घालून गॅसवर ठेवा, पाणी घालायची गरज नाही, त्यांचं त्यांनाच सुटतं. चांगली उकळी फुटून पाच-सात मिनिटं झाली, फोडी आतपर्यंत गरम झाल्या, की विकरं निकामी होतात. मग पूर्ण गार करून दह्यात घाला. आदल्या दिवशी केलं तरी बिघडत नाही. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून तो थेट चालतो. हॉटेलातलं रायतं कडू का होत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा तो डबाच असतो.

जिलेटिनची जेली ताज्या अननसावर धरत नाही, तेही यामुळेच. जिलेटिन हे प्रथिन. चायना ग्रास वापरलंत तर मजेत सेट होतं, कारण त्यात तोडायला प्रथिनच नसतं.

घाटावरचा
परीक्षानळी, हे चार वर्षांपूर्वी लिहिलं असतंत तर माझे दोन किलो मटण वाचले असते.

कच्च्या पपईने मटण मऊ होतं हे आईकडून माहीत होतं. पपई मिळाली नाही. कुणीतरी म्हणालं अननसही चालतो. मी अर्धा अननस किसून चोळला आणि जास्त वेळ ठेवलं तर जास्त मऊ होईल या हिशोबाने रात्रभर ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर पातेल्यात मटण नव्हतं, मटणाची खीर होती. वरून पिठूळ, बोटाने दाबलं की आत जातंय. मेहुणे जेवायला. शेवटी खिमा म्हणून वाढला. मेहुणे आजही विचारतात, त्या खिम्यात नक्की काय घातलं होतं?

परीक्षानळी
हसून हसून पुरेवाट. अर्धा तास, फार तर. तोही दोन चमचे रसाचा. अर्धा अननस!

कोकणचो_झील
अननस विकत हाडून मगे काय करूचा म्हणान धागो काढणारे बघून गंमत वाटता. आमच्याकडे कुंपणाक लावतत, काटे असतत म्हणान गुरां आत येणत नाय. पिकलो की माणसाआधी कोल्ह्याक कळता. सकाळी बघूक जावा तर अर्धो खाल्लेलो.

उरलेल्याचा आवस (आई) काय करता सांगतंय. खापे करून गूळ घालून शिजवन ठेवता, वायच मिरपूड. भाकरीवांगडा (भाकरीबरोबर) खावा. संपला.

बाय द वे, दोडामार्गाकडे आता केरळची माणसां मोठ्या बागा करतत, रबर, केळी आणि अननस. दादांनी घेतलेले त्यातलेच असतीत.

पेन्सिल_शिसं
झील, पूर्ण मालवणीत लिहीत जा हो. माझ्यासारख्या नागपूरकराला दोनदा वाचायला लागतं, पण गोडी जास्त लागते.

तिरफळ
शिरा सोडून विचारलंत आणि अजून एकानेही सासव म्हटलं नाही? आम्ही मडगावकर काय मेलो?

अननसाचं सासव. आंब्याचं करतात तसंच. घोटं म्हणजे छोटे रायवळ आंबे असतात तोवर आंब्याचं, ते संपले की अननसाचं. मध्यम अननसाच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी करायच्या, मधला दांडा काढून टाकायचा. चिमूटभर मीठ, हळद आणि लिंबाएवढा गूळ घालून शिजवायच्या. अननस आंबट असेल तर गूळ वाढवा, त्यात कंजुषी नको. एक वाटी ओलं खोबरं, तीन-चार सुक्या मिरच्या (बेडगी असेल तर रंग बघाच) आणि एक चहाचा चमचा मोहरी. मोहरी कढईत नुसती गरम करायची, तडतडू द्यायची नाही. खोबरं आणि मिरची आधी गंधासारखी वाटून घ्यायची आणि मोहरी अगदी शेवटी घालून मिक्सरचे दोनच फेरे. इथेच लोक चुकतात. मोहरी आधीपासून वाटत राहिलात तर सासव कडू होतं, आणि मग पुन्हा म्हणाल अननसाला खोबरं सोसत नाही. वाटण फोडींत घालून एक हलकी उकळी. दाटच ठेवायचं. वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, आमच्याकडे कधी तीही नसते.

तोंडात आधी गोड, मग आंबट, आणि गिळल्यावर मोहरी नाकात चढते. चढली नाही तर सासव जमलं नाही असं समजा.

पेणची_पोर
तोंडाला पाणी सुटलं. वाचनखूण साठवली.

कुडलाची_सून
तिरफळ, सासव छानच, पण अननसाचा खरा मान आमच्या मंगळूरच्या मेणसकायीत होतो. (माहेर दादर, सासर मंगळूर, दोन्हीकडून टोमणे खाऊन लिहितेय.) तीळ, उडीद डाळ, किंचित मेथी, धणे, सुक्या मिरच्या भाजून, खोबऱ्याबरोबर वाटायचं. फोडी चिंच-गुळाच्या पाण्यात शिजवून त्यात हे वाटण. तिळाचा खमंगपणा आणि अननसाचा आंबटपणा एकत्र आला की पांढऱ्या भातावर दुसरं काही लागत नाही. लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावर भाजी, कोशिंबीर असं सगळं असताना मी फक्त ही दोनदा मागून घेतली होती, नवी नवरी असून. तेव्हापासून साबांचा माझ्यावर जीव.

आणि एक. रोजच्या स्वयंपाकात अननस बसवायचा तर त्याला फळ समजू नका, कैरी समजा. जिथे जिथे कैरी किंवा चिंच-गूळ पडतो तिथे तो चालतो. आमटीत चार फोडी, साराला अर्धी वाटी रस, डाळीत, मेथांब्यासारखा गूळ घालून. जून-जुलैत कैरी गेलेली असते आणि अननस स्वस्त असतो. यापेक्षा सोयीचं काय हवं?

तिरफळ
कैरी समजा, हे सोन्याचं वाक्य आहे. बाकी मेणसकाय श्रेष्ठ की सासव श्रेष्ठ यावर वेगळा धागा काढू, तिथे भेटा. (हलकेच घ्या.)

निखळ_फलाहारी
सगळ्यांनी अननस शिजवायचा कटच केलाय का? उकळवून त्यातलं सी जीवनसत्त्व घालवायचं, वर पावशेर गूळ ओतायचा आणि म्हणायचं पौष्टिक!

शंभर ग्रॅम ताज्या अननसात साधारण ४८ मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व असतं आणि उष्मांक जेमतेम ५०. वर मँगनीज भरपूर. हे कच्चं खाल्लं तर मिळतं. मी रोज दुपारी एक वाटी फोडी खातो, वर काही नाही. मीठसुद्धा नाही.

घाटावरचा
मीठसुद्धा नाही? जिभेचं सालपट निघत नाही का?

निखळ_फलाहारी
दोन वाट्या खाल्ल्या तर निघतं. म्हणून एक.

परीक्षानळी
फलाहारी, मुद्दा बरोबर आहे, उष्णतेने सी कमी होतं. पण सगळं जात नाही आणि सासवात शिजवतात तेवढ्याने तर नक्कीच नाही. दोन्ही करावं की. पोह्यावर लिंबू पिळतो, कारण सी असलं की पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह अंगी जास्त लागतं. मग मटकीच्या उसळीबरोबर अननसाची कच्ची कोशिंबीर का नको? फोडी, भरडलेलं दाण्याचं कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. दही नाही! काकडी घातलीत तर वाढायच्या आधी पाच मिनिटं घाला, नाहीतर पाणी पाणी होतं.

जीभ चुरचुरण्याला दोन कारणं. एक तीच विकरं. दुसरं म्हणजे सुयांसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, अळू खाजतं ते ज्याने, तेच. फोडी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवल्या की त्रास बराच कमी होतो. गाडीवाले मीठ लावतात ते फक्त चवीला नाही.

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत आमच्या मित्रमंडळात अननस म्हटलं की पिझ्झ्यावरून दोन तट पडतात. आधीच कबूल करतो, मी अननसवाला. ज्या पिझ्झ्याला 'हवाईयन' म्हणतात त्याचा हवाईशी संबंध एवढाच, की अननसाच्या डब्यावर तसं नाव होतं. कॅनडात, ओंटारियो प्रांतात एका ग्रीक माणसाने, सॅम पॅनोपुलोसने, १९६२ मध्ये हॉटेलात गंमत म्हणून डब्यातला अननस पिझ्झ्यावर घातला आणि लोकांना आवडला. २०१७ मध्ये आइसलंडचे राष्ट्राध्यक्ष शाळेतल्या मुलांना म्हणून बसले की जमलं तर मी पिझ्झ्यावर अननसाला बंदी घालेन. पुढे जगभर एवढा गदारोळ झाला की त्यांना खुलासा करावा लागला, असा अधिकार मला नाही आणि नसलेलाच बरा.

आगाऊ_कार्टं
आमच्या कॉलेजजवळ अननस + पनीर + मिरची + शेव असा पिझ्झा मिळतो. ग्रीक माणसाला दाखवायला हवा होता.

मोडी_लिपी
अवांतर: अननस हा शब्दही पोर्तुगीजांबरोबरच आला. दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतला शब्द पोर्तुगीजांनी उचलला, 'अनानास', आणि तो आपल्या गळ्यात फळासकट घातला. पाव, बटाटा, काजू, पपई, चावी हीसुद्धा त्याच जहाजातली मंडळी. म्हणजे तिरफळांच्या सासवात मूळचं इकडचं काय उरतं बघा. मिरची तिकडची, अननस तिकडचा. मोहरी, गूळ आणि नारळाने अब्रू राखली.

जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येतं आणि आग्र्याच्या गुलअफशां बागेत दरवर्षी काही हजार पिकतात. आग्र्याच्या उन्हाळ्यात! माळ्यांना काय काय करायला लागलं असेल.

तिरफळ
मोडी, सासव आमचंच. पुरावे घेऊन माझ्या आजीकडे जा, हिंमत असेल तर.

गुलमोहर_२
एक विचारू का? मी पाचव्या महिन्यात आहे. घरी अननसाचं नाव काढलं तरी सगळे अंगावर येतात. वास आला तरी पोटात खड्डा पडतो इतकी इच्छा होतेय. खरंच इतकं वाईट असतं का?

परीक्षानळी
आधी अभिनंदन! ही भीती जुनी आहे, माझ्या वेळीही होती. जेवणात खातो तेवढ्या अननसाने गर्भपात होतो असं काही सिद्ध झालेलं नाही. विकरं सगळ्यात जास्त असतात ती झाडाच्या खोडात, आपण खातो त्या गरात त्या मानाने कमी. पण मी डॉक्टर नाही. पुढच्या तपासणीत तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, साखर वगैरे बघून त्या सांगतील. आणि त्यांनी हो म्हटलं तर तेच वाक्य घरी त्यांच्याच तोंडून ऐकवा. आपलं कुणी ऐकत नाही.

शेंडी_तुटो
खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. बाजारात गोड अननस ओळखायचा कसा? माझे वडील फळांचा व्यवसाय करायचे, त्यामुळे थोडं सांगतो.

आंबा घरी आणून पिकवता येतो, अननस येत नाही. तोडला तेवढाच गोड. नंतर रंग बदलेल, वास वाढेल, मऊ पडेल, गोडी वाढणार नाही, कारण साखर व्हायला त्यात पिष्ट साठलेलंच नसतं. म्हणून हिरवागार, दगडासारखा स्वस्त मिळाला म्हणून आणू नका. बुडाशी नाक लावा. वास यायला हवा, पण ताकासारखा आंबूस नको. हातात घ्या, दिसतो त्यापेक्षा जड लागला पाहिजे. शेंड्याचं पान ओढून निघालं की पिकलेला, असं सांगतात, माझ्या वडिलांचा त्यावर विश्वास नव्हता आणि माझाही नाही. पान ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला ते म्हणायचे, "कोंबडी सोलताय का?"

जाती मुख्य दोन बघायला मिळतात. क्यू मोठा, रसाळ, थोडा आंबट, डोळे उथळ. क्वीन लहान, काटेरी पानांचा, पिवळाधमक, कुरकुरीत, डोळे खोल. नुसता खायला क्वीन, शिजवायला क्यू. त्रिपुराच्या क्वीनला तर २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१८ पासून ते त्या राज्याचं अधिकृत फळ आहे.

कापताना डोळे एकेक टोकरत बसू नका, अर्धा गर जातो. साल पातळ काढा, मग डोळ्यांची तिरकी ओळ दिसते. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी तिरका काप द्या, अख्खी ओळ पट्टीसारखी सुटते. गाडीवर जिन्यासारख्या खाचा असलेला अननस दिसतो तो असाच कापलेला असतो.

पेन्सिल_शिसं
त्या ओळी कधी मोजल्यात का? मी शाळेत गणित शिकवतो. दरवर्षी एक अननस वर्गात नेतो. एका बाजूने मोजलं की बहुतेक वेळा ८ ओळी येतात, दुसऱ्या बाजूने १३. हेमचंद्राची मालिका (आधीचे दोन आकडे मिळवले की पुढचा): ५, ८, १३, २१. मुलांना विश्वास बसत नाही, मग खडूने खुणा करत पुन्हा मोजतात. तास संपला की पुरावा खाऊन टाकतात.

नेमाने_नैवेद्य
नादखुळी, शिरा सांगू नका म्हणालात तरी सांगणार. कारण तुम्ही खाताय तो अननसाचा नाहीच. आमच्या भाच्याच्या मुंजीत केटररने हळदीसारखा पिवळा शिरा वाढला. वास अननसाचा आणि फोड औषधालाही नाही. विचारलं तर म्हणे, "फ्लेवर आहे ना!"

खरा असा. एक वाटी बारीक फोडी अर्धी वाटी साखरेत शिजवून बाजूला ठेवायच्या. एक वाटी रवा अर्धी वाटी तुपात मंद आचेवर खमंग भाजायचा. दोन वाट्या उकळतं पाणी, वाफ, मग शिजलेल्या फोडी रसासकट आणि लागली तर आणखी पाव वाटी साखर. दूध घालायचं असेल तर पाण्याऐवजी अर्धं दूध, पण फोडी शिजवलेल्या हव्यात आणि शेवटी घालायच्या. कच्च्या फोडी उकळत्या दुधात टाकल्यात तर शिऱ्यात पनीर मिळेल. केशर असेल तर घाला, रंग नको.

बिनसाखरेचा
मधुमेहींनी काय करायचं, ते कुणी बोलेना. मी खातो, डॉक्टरांना विचारून, पाच-सहा फोडी, जेवणानंतर नाही, मधल्या वेळी. शंभर ग्रॅममध्ये साधारण दहा ग्रॅम साखर असते हे डोक्यात ठेवतो. रस मात्र पूर्ण बंद. एका ग्लासात अर्धा अननस जातो आणि चोथा गाळणीत राहतो. गुळातलं सासव वाचून डोळ्यांत पाणी आलं, तोंडात आलं तेही सांगतो.

कुडलाची_सून
बिनसाखरेचा, तुमच्यासाठी साधं सार. तुरीच्या डाळीचं पाणी, टोमॅटो, आणि पिकलेल्या अननसाच्या सात-आठ फोडी त्यातच कुस्करून. मिरी-जिरं-लसूण ठेचून, हिंगाची फोडणी. गूळ अजिबात नको, फोडीच चव सांभाळतात. पावसात वाटी तोंडाला लावून प्यायचं.

नादखुळी
किती लिहिलंत सगळ्यांनी! हिशोब देते.

तिसऱ्याचं तिरफळ यांच्या पद्धतीने सासव केलं. मोहरी शेवटी, दोनच फेरे. पहिला घास घेतला आणि नवरोबांनी नाक धरलं, डोळ्यांत पाणी. मला वाटलं बिघडलं. तर म्हणे, "अजून वाढ." साबांनी आधी बोटाने चाटून बघितलं, मग काही न बोलता वाटी पुढे केली. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला चौदा वर्षांत मिळालेलं नाही.

चौथ्याचं पुन्हा रायतं, या वेळी फोडी साखरेत शिजवून, गार करून. मुद्दाम रात्री केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाढलं. अजिबात कडू नाही. साबांना विकरांबद्दल समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तेच तर म्हणत होते. शिजवल्यावर सोसतो."

पाचव्याच्या ओळी लेकाने मोजल्या. एका बाजूने ८, दुसऱ्या बाजूने १२ आल्या, मग रडारड, मग पुन्हा मोजून १३. मोजून झाल्यावर पहिल्यांदाच स्वतःहून फोड खाल्ली, तीही मीठ लावून. उरलेला उद्या सारात. शेंडा कुंडीत खोचलाय, दोन-तीन दिवस सुकवून मग लावायचा असतो असं शेजारच्या काकू नंतर म्हणाल्या. जगला तर बघू.

कोकणचो_झील
जगतलो. पण फळ धरूक दोन वर्सां तरी जातली. आणि कोल्ह्याक पत्तो देव नको.

नवाच_आयडी
नमस्कार, धागा अजून पूर्ण वाचला नाही. उद्या घरी पंधरा माणसं आहेत. अननसाचं रायतं आज रात्रीच कालवून ठेवलं तर चालेल ना?